जलदानाची पानं

आमच्या सासूबाईंनी स्वतःच्या जलदानाचा विषय काढला तेव्हा मी त्यांच्यासाठी पेज ढवळत होते आणि माझा नवरा मनोज टीव्हीवर मॅच बघत होता.

"मी गेल्यावर वाट्या वाटू नका," त्या कॉटवरून म्हणाल्या.

मनोजने टीव्हीचा आवाज कमी केला. "आई, काहीतरी काय बोलतेस!"

"काहीतरी नाय, खरं बोलतेय. जलदानाला आलेल्या माणसाला हल्ली स्टीलची वाटी देत्यात. आपल्या फडताळात बघ, किती माणसं वाट्या होऊन बसलीत. सोमामामाच्या वाटीत आपण लसणाची चटणी ठेवतो. बरं दिसतं का ते?"

आमच्यात माणूस गेलं की काही दिवसांनी भन्तेजींना बोलावतात. पांढऱ्या कपड्यात सगळे जमतात, वंदना होते, गेलेल्याच्या नावाने जलदान होतं, दोन माणसं चांगलं बोलतात, मग जेवणं. आणि जाताना हातात वाटी. मालनबाईंना, म्हणजे आमच्या सासूबाईंना, सगळं मान्य होतं, फक्त वाटी नको होती.

"मग काय द्यायचं?" मी विचारलं. मनोजने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या आईला मरणाचा बेत विचारला. विचारलाच होता म्हणा.

"तू ते सुईनं कायबाय करत असतीस ना, त्यातलं कर. पिंपळाचं पान. पुस्तकात खूण म्हणून ठेवायला."

माझ्या क्रोशाला 'कायबाय' हा शब्द अगदी योग्य आहे. मला कुणी शिकवलं नाही. मोबाईलवर एक गुजराती बाई हिंदीतून शिकवते, तिचे फक्त हात दिसतात. त्या हातांची मी शिष्या. किल्लीला लावायचं कासव, बाळाची टोपी, केसांच्या क्लिपवरचं फूल, असं काहीतरी सतत चालू असतं. नाशिकच्या अंबडला ज्या कंपनीत मी वायरींचे जुडगे बांधते तिथून कुणी नोकरी सोडून निघालं की माझ्याकडून एक फूल ठरलेलं. लोक "अय्या, किती गोड" म्हणतात आणि ड्रॉवरमध्ये टाकतात. घरात तर तेवढंही कुणी म्हणत नाही. म्हणजे मला तसं वाटत होतं. कॉटवरून कुणीतरी इतके दिवस बघत होतं, हे त्या दिवशी कळलं.

मालनबाई जन्मभर महापालिकेच्या शाळेत शिपाई होत्या. घंटा वाजवायची, पाणी भरायचं, पुस्तकांचं कपाट पुसायचं. स्वतः वाचायच्या ते ओळीखाली बोट ठेवून, हळूहळू. पोरं खूण म्हणून पानाचा कोपरा मुडपायची, त्याचा त्यांना भयंकर राग. "तुझा कान असा मुडपला तर?" म्हणून खरंच मुडपायच्या. आता पोटात पाणी भरत होतं, पाय सुजले होते, आणि हॉस्पिटलवाल्यांनी "घरीच न्या, जे आवडेल ते खाऊ द्या" असं सांगितलं होतं. हे वाक्य ऐकायला किती प्रेमळ आहे!

पहिलं पान मी दोन दिवस खपून केलं. पांढरा सुती दोरा, मधोमध साखळीची शीर, दोन्ही बाजूंना खांबाचे उभे टाके कमी-जास्त करत गोलाई. मोठ्या ऐटीत त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "हे विड्याचं झालंय."

"विड्याचं कसं? पिंपळाचं आहे."

"शेपूट कुठाय? पिंपळाला लांब शेपूट असतं. हे वाटलं तर लोक म्हणतील म्हातारी पान खायची."

तेवढ्यात शेजारच्या रंगूबाई आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "काय गं मीना, कुणाचा साखरपुडा? पानसुपारीची तयारी दिसते." मालनबाई इतक्या हसल्या की त्यांना उठवून बसवावं लागलं. माझी मुलगी दिशा कॉलेजातून येताना खरं पिंपळपान घेऊन आली. ते समोर ठेवलं आणि शेपटासाठी टोकाला साखळी ओढून तिच्यावर परत मुके खांब, म्हणजे आखूड टाके, घातले, तेव्हा कुठे आमचं झाड बदललं.

पानं साठवायला बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा काढला. तो त्यांनी उशाशी ठेवून घेतला. कंपनीतून आले की हातपाय धुवायच्या आधी त्यांना त्या दिवशीचं पान दाखवायचं. बसमध्ये एक व्हायचं, जेवणाच्या सुट्टीत एखादं. त्या शेपूट ओढून बघायच्या, डब्यात टाकायच्या, झाकण लावायच्या.

एकदा झाकण लावता लावता म्हणाल्या, "डबा भरला की मी मोकळी."

कसं सांगू, काहीही विशेष आवाज न करता म्हणाल्या. 'दूध उतू जाईल बघ' म्हणावं, इतकंच. पण माझ्या हातातली सुई थांबली.

आम्ही अंधश्रद्धा मानत नाही. आमच्या घरी मांजर आडवं गेलं तर आधी मांजराला दूध देतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या झोपेत असताना, मी डब्याच्या तळाची दोन पानं काढली आणि पर्समध्ये टाकली. क्रोशाचं एक बरं असतं. शेवटची गाठ सोडून दोरा ओढला की सगळं सरळ सरळ उसवत येतं, कुठे अडत नाही. बसमध्ये बसून ती दोन पानं उसवली आणि त्याच दोऱ्याचं एक नवं पान करून संध्याकाळी हजर केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बसमध्ये माझ्या शेजारी तानुबाई बसतात. त्या आमच्या लाईनवर टेप गुंडाळतात आणि जगावर लक्ष ठेवतात.

"काल विणलंस तेच आज उसवतेस?"

"हो."

"परवा?"

"परत विणणार."

"बाई, तुला पर्मनंट केलं तर कंपनी बुडेल," त्या म्हणाल्या. मी डब्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं. "माझ्या सासूच्या वेळी मी दवाखान्याच्या चकरा मारल्या. त्यापेक्षा हे स्वस्त आहे म्हणा."

डबा काही भरेना. मनोज म्हणाला, "किती दिवस चाललंय तुझं, दोरा संपत नाही का?" मी म्हटलं, नाही. मला त्यात एक गुपचूप आनंद होता, खोटं कशाला बोलू. डॉक्टरला जमलं नाही ते मी एका सुईने रोखून धरलंय, असं वाटायचं.

एका रविवारी मी त्यांचे पाय शेकत होते. त्या नवं पान बोटांमध्ये फिरवत होत्या. फिरवता फिरवता म्हणाल्या, "हा दोरा एकदा वापरलेला हाय."

"नाही हो. नवा आहे."

"वेणी सोडल्यावर केस कसे ऱ्हातात? तसा हाय हा. लाटालाटाचा." त्यांनी पान माझ्यापुढे धरलं. "उसवतीस होय गं?"

मी शेक द्यायची पिशवी पिळत बसले, जणू रबराची पिशवी पिळता येते.

"कशाला?"

"डबा भरला तर..."

"डबा भरला म्हणून कुणी मरत नाय. मी काय रेशनवर हाय का, डब्यावर मोजून द्यायला?" त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. टपलीत जोर नव्हता, नुसती बोटं टेकली. "खुळी. मी डब्यासाठी थांबलेच नाय."

बाहेर भाजीवाला मेथीची जुडी ओरडत गेला.

"ती पेठवाली काय म्हणते?" त्यांनी विचारलं.

पेठवाली म्हणजे रोहिणीताई, माझी नणंद. पेठला आश्रमशाळेत शिक्षिका. नाशिकहून सकाळी निघालं तर दुसऱ्या चहाला माणूस पोहोचतो, इतकंच अंतर. पण मनाली गेल्यापासून ताई या घरात आल्या नव्हत्या. मनाली त्यांची एकुलती एक. ताई ट्रेनिंगला गेल्या होत्या, पोरीला ताप आला, शेजारच्या बाईने घरातल्या गोळ्या दिल्या, नाशिकला आणेपर्यंत उशीर झाला. पोरीला आणून घरात ठेवलं तेव्हा सगळ्या भाऊबंदांसमोर मालनबाई मोठ्याने म्हणाल्या होत्या, "नोकरीपायी लेकरू घालवलंस." ताईंनी मान वर करून एकदा आईकडे पाहिलं. त्यानंतर पाहिलंच नाही. मनोजला फोन करायच्या, दिशाला वाढदिवसाला पैसे पाठवायच्या. आईचं नाव काढलं की "ठेवते" म्हणायच्या. आणि आईने इतक्या वर्षांत मुलीचं नाव घेतलं नव्हतं. 'पेठवाली' हाही शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"बोलावू का त्यांना?"

"मी कोण बोलावणारी?" त्या म्हणाल्या. आणि मग छताकडे बघत, "मीना, माफी कशी मागत्यात गं?"

मी नवीन पानाची साखळी सुरू केली होती. टाके मोजत होते.

"मला कुणी मागितली नाय कधी," त्या म्हणाल्या. "लहानपणी गावात पाण्यावरून मारलं त्यांनी नाय मागितली. हेडमास्तरनं चोरीचा आळ घेतला, पाकीट त्याच्याच टेबलाखाली घावलं, त्यानं बी नाय मागितली. माझ्या नवऱ्यानं तर नायच नाय. म्हणून इचारते. कसं म्हणत्यात?"

"सोपं आहे आई," मी म्हटलं. "आमचा सुपरवायझर रोज मागतो. सॉरी म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी परत तेच करायचं."

त्या हसल्या. हसता हसता खोकला आला, मी पाठ चोळली. "तू पन ना," असं म्हणून त्या भिंतीकडे वळल्या. माझे टाके चुकले होते, ते परत मोजले.

संध्याकाळी मीच ताईंना फोन लावला. आई आजारी आहेत हे त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, "त्यांना तुमच्याशी बोलायचंय." पलीकडून "ठेवते" आलं नाही, म्हणून मी मोबाईल मालनबाईंच्या कानाशी धरला.

"कोण? मी हाय," त्या म्हणाल्या. त्यांचा श्वास मोबाईलवर आपटत होता. "जेवलीस का?... हां... बरं. बरं." आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

"काय म्हणाल्या?"

"जेवली म्हणे. वांग्याची भाजी होती."

"आणि?"

"आणि काय? असलं का फोनवर बोलत्यात? समोर आल्यावर बोलीन."

मी मोबाईल कानाला लावला तर ताई अजून लाईनवर होत्या. "मीना, परीक्षा चालू आहेत," त्या म्हणाल्या. आवाज शिक्षिकेचा, पण कडा गेलेला. "शनिवारी येते. तिला सांग, शनिवारी."

त्या आठवड्यात मालनबाई कशा वागल्या म्हणून सांगू! दिशाकडून नखं कापून घेतली. पांढरी साडी काढायला लावली, मग म्हणाल्या नको, मेल्यासारखी दिसेन, ती जांभळी काढ. दुपारी म्हणे भिंतीशी काहीतरी पुटपुटायच्या. दिशाने विचारलं, "आजी, काय बोलतेस?" तर म्हणाल्या, "कविता पाठ करतेय. शाळेत पोरं करायची तशी." माझ्या पानांत त्यांचं लक्ष उरलं नव्हतं. मी दाखवलं की "हां, टाक डब्यात." मी उसवणं बंद केलं. डबा वरपर्यंत आला, झाकण दाबून लावावं लागलं, आणि खरंच काही झालं नाही. मला जरा लाजच वाटली.

गुरुवारी सकाळी चहा द्यायला गेले तर त्या माझ्याकडे बघत होत्या आणि ओठ हलत होते. शब्द येत नव्हता. आधी वाटलं घसा सुकला. पाणी पाजलं. मग त्यांनी स्वतःच्या तोंडाला हात लावला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिथे ठेवलेली वस्तू कुणी नेली. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, विष डोक्यापर्यंत चढलंय, आता थोडेच दिवस. मनोज बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसला.

ताईंना कळवलं. शुक्रवारी पहिल्या एसटीने त्या आल्या. दारात चपला काढताना त्यांचा हात भिंतीला लागला, तिथेच राहिला. केस पांढरे झाले होते. आईसारखीच चालण्याची ढब, हे कुणी कधी त्यांना सांगितलं असेल का कोण जाणे.

मालनबाईंचे डोळे उघडे होते. ताई कॉटशी खाली बसल्या. मालनबाईंचे ओठ लगेच हलायला लागले. भराभर हलत होते, पाठ केलेलं म्हणावं तसे. ताईंनी कान जवळ नेला, अगदी ओठांना टेकवला.

"काय म्हणतेय ही? मीना, तुला कळतंय का?"

मी वाकले. नुसता श्वास होता, गरम, औषधाच्या वासाचा.

"नाही कळत, ताई."

"आई, हळू बोल. एक एक बोल." ताईंनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आई, ए आई. मी आलेय ना? बोल ना."

ओठ हलत राहिले. मग दमून थांबले. डोळ्याच्या कडेने पाणी उशीत उतरलं, ते ताईंनी पदराने पुसलं आणि स्वतःचं तसंच राहू दिलं.

मी चहा करायला म्हणून ताईंना स्वयंपाकघरात घेऊन गेले. म्हटलं, हे आपल्याकडे ठेवायचं नाही. "ताई, त्यांना तुमची माफी मागायची होती. मला विचारलं होतं त्यांनी, माफी कशी मागतात म्हणून."

त्या ओट्याला टेकून उभ्या होत्या. "तू काय सांगितलंस?"

पातेल्यातलं पाणी उकळत होतं. "मी चेष्टा केली," मी म्हटलं.

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता बोलतील ते मी ऐकून घेईन. पण त्यांच्या तोंडातून एक विचित्र आवाज आला, हसण्याचा की कशाचा, आणि त्या म्हणाल्या, "मी पण तेच केलं असतं. आपल्या घरात दुसरं येतं कुणाला?" मग बेसिनमध्ये पडलेली सगळी भांडी त्यांनी घासली. घासलेली परत घासली. मध्येच पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पण हे तू सांगून नाही चालत, मीना. तिच्या तोंडून हवं होतं. एकदाच, कसंही. चुकीचं का असेना."

"हो," मी म्हटलं. कारण तसंच होतं.

रात्र गेली. शनिवारी दुपारी ताई कोमट पाण्याने आईचे पाय पुसत होत्या. सुजेने चकाकणारे पाय, टाचांच्या भेगा तेवढ्या जुन्या. मी दारात कपडे वाळत घालत होते. ताई आतून म्हणाल्या, "मीना, ये गं." इतक्या साध्या आवाजात, की मी हातातला टॉवेल नीट झटकून, चिमटा लावून मग आत गेले.

जलदानाच्या आदल्या दिवशी मी आणि दिशाने खळ केली, एकेक पान बुडवून, ओढून, टाचण्या लावून गच्चीवर वाळवलं. ताई पलीकडे बसून टाचण्या देत होत्या. पानांना हात लावत नव्हत्या. कार्यक्रम नीट झाला. भन्तेजी थोडक्यात बोलले. शाळेतले एक निवृत्त गुरुजी आले होते, त्यांनी पान चष्म्याजवळ नेऊन पाहिलं आणि खिशातली डायरी काढून त्यात ठेवलं. रंगूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मीना, हे मी कशात ठेवू? माझ्याकडे गॅसचं पुस्तक आहे फक्त." म्हटलं, त्यातच ठेवा. "बरं होईल," त्या म्हणाल्या, "सिलेंडर आला की मालनबाई दिसतील," आणि तोंडाला पदर लावून जिना उतरल्या.

ताई पुढच्या सोमवारी निघाल्या. सकाळी कंपनीच्या आधी मी त्यांना सोडायला स्टँडवर गेले. पेठची गाडी लागलेली नव्हती. बाकावर बसलो. पलीकडे एक बाई पाटीतली गुलाबाची फुलं ओल्या फडक्याने झाकत होती.

"मीना, मी तिला माफ नाही केलं," ताई म्हणाल्या. "सांगून ठेवते. लोक म्हणतात, शेवटी आलीस, पाय पुसलेस, सुटलं सगळं. नाही सुटलं."

"बरं."

"इतकी वर्षं मी मनात तिच्याशी भांडत होते. भांडी घासताना, मुलांना डिक्टेशन घालताना. ती असं म्हणाली तर मी असं म्हणेन. रडली तर काय, पाया पडली तर काय. सगळी उत्तरं तयार होती माझी. एक तर इतकं कडक होतं..." त्यांनी हात उचलला आणि मांडीवर परत ठेवला. "आणि एक असं होतं की मी तिला जवळ घेईन. ते पण तयार होतं. आता ही कुणाला देऊ मी?"

माझ्या जिभेवर काहीतरी चेष्टेचं आलं होतं. येतंच. ते मी गिळलं.

गाडी लागली. ताई चढल्या. खिडकीची जागा मिळाली ती पलीकडच्या बाजूची, त्यामुळे मला फक्त त्यांचं डोकं दिसलं, तेही कंडक्टर मध्ये येईपर्यंत. गाडी मागे घेताना, वळताना, फाटकातून बाहेर पडताना मी हात वर धरून उभी होते. तो त्यांना दिसला नसणार. मग कंपनीची बस चुकेल म्हणून निघाले.